साठ लाखांची गाडी आम्ही बघून आलो

आमच्या चाळीत बातमी किती मोठी, हे नळावर ठरते. हंडा भरून झाला तरी बाया जिच्यासाठी उभ्या राहतात ती मोठी बातमी. बाकीच्या बातम्या पेपरात छापून आल्या काय आणि न आल्या काय, सारख्याच! १६ जुलै २०२५ च्या सकाळी नळावर जे बोलणे चालले होते ते आम्ही दात घासता घासता ऐकले, ते असे :

"किती म्हणालीस?"

"साठ लाख."

"कुठं घेतलं घर?"

"घर नाही गं मावशी, गाडी! बॅटरीवर चालणारी."

"मग सेल टाकायचे का तिच्यात?"

सगळ्या हसल्या. मावशीही हसल्या. पण वाचकहो, मावशींचा प्रश्न काही खुळा नव्हता. त्या गाडीच्या तळाशी जी बॅटरी असते ती म्हणजे शेवटी एकमेकांना जोडलेले सेलच. फक्त ते संपले की फेकायचे नसतात, पुन्हा भरायचे असतात.

तर आदल्या दिवशी, म्हणजे १५ जुलैला, वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्ला या अमेरिकन कंपनीचे भारतातले पहिले दुकान उघडले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उद्घाटनाला आले होते. गाडीचे नाव मॉडेल वाय. साधी घेतली तर ५९ लाख ८९ हजार, लांब पल्ल्याची घेतली तर ६७ लाख ८९ हजार. ही दुकानातली किंमत. रस्त्यावर येईपर्यंत साधी गाडीही एकसष्ट लाखांच्या घरात जाते. दुकानाचे महिन्याचे भाडे पेपरवाल्यांनी पस्तीस लाख म्हणून छापले होते. म्हणजे दोन महिन्यांचे भाडे देण्याऐवजी दुकानदाराने एक गाडीच देऊन टाकली तरी चालेल!

आमच्या हापिसात त्या दिवशी फायली उघडायला अकरा वाजले. चहाच्या टेबलाभोवती एकच मोबाइल आणि सात डोकी. आम्ही पडलो बी.कॉम., तेही रात्रीच्या कॉलेजातले, त्यामुळे कुठलाही आकडा दिसला की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. आमचा पगार कापून-कुपून हातात येतो अठ्ठेचाळीस हजार. काही न खाता, न पिता, खोलीचा मेंटेनन्स न भरता, लेकीची फी न भरता सगळा पगार त्या गाडीसाठी साठवला, तर दहा वर्षे आणि जवळजवळ पाच महिने लागतील. हा हिशेब आम्ही वाचून दाखवला तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "अहो, तोवर तुम्ही रिटायर व्हायला याल, मग गाडीतून जाणार कुठं?"

मग ज्याच्या-त्याच्या तोंडी आपापले मत. एकजण चिडला होता की अमेरिकेत हीच गाडी पंचेचाळीस हजार डॉलरला मिळते, म्हणजे आपल्या पैशांत अडतीस-एकोणचाळीस लाख, मग आम्हीच काय घोडे मारले? त्याला दुसऱ्याने समजावले की ही गाडी चीनमधल्या शांघायच्या कारखान्यात बनून जहाजाने येते आणि परदेशी गाडीवर सरकार जबर आयातकर लावते, म्हणून किंमत फुगते. तिसरा म्हणाला, पाच पूर्णांक नऊ सेकंदांत शंभरचा वेग घेते म्हणे, पण सायन-पनवेल रस्त्यावरच्या खड्ड्यांना ते कळवलंय का कुणी? चौथ्याने जाहीर केले की एवढ्या पैशांत कल्याणला चांगला फ्लॅट येतो आणि फ्लॅटला चार्जिंग लागत नाही. आमच्या शिपायाने मात्र सगळ्यांवर कडी केली. तो म्हणाला, "साहेब, गाडी राहू द्या, ती उभी करायला जी जागा लागेल ना, तेवढी जागा द्या मला. मी संसार मांडतो."

हसण्यावारी गेले सगळे. पण जाताना एक गोष्ट आमच्या मनात अडकली. या सात डोक्यांपैकी एकालाही ती गाडी घ्यायची नव्हती, आणि तरी प्रत्येकाला तिच्याबद्दल बोलायचे होते. चिडणारा तर असा चिडला होता की जणू त्याच्याच खिशातून वीस लाख जास्तीचे गेले!

जुन्या वाचकांना २००८ चा जानेवारी आठवत असेल. दिल्लीच्या गाड्यांच्या प्रदर्शनात टाटांनी एक लाखाची नॅनो दाखवली. तेव्हा आमच्या चाळीत पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते. चौघांचे कुटुंब एका स्कूटरवरून पावसात जाते, त्यांच्यासाठी ही गाडी, असे रतन टाटा म्हणाले होते आणि ते आम्हाला आमच्याच घरातले चित्र वाटले होते. पण त्याच वेळी पेपरात आणि टी.व्ही.वर मोठमोठी शहाणी माणसे डोक्याला हात लावून बसली होती. एवढ्या गाड्या रस्त्यावर आल्या तर वाहतुकीचे काय होणार? धुराचे काय होणार? पार्किंगचे काय? तो प्रश्न चुकीचा होता असे आम्ही म्हणत नाही. पण तो गरिबाच्या गाडीच्या वेळीच का सुचला? साठ लाखांची गाडी आली तेव्हा रस्त्यात आणखी गर्दी होईल असे कुणी म्हटल्याचे आमच्या तरी कानावर आले नाही. गाडी पंधरा फूट लांब आहे, नॅनोपेक्षा चांगली मोठी! नॅनो पुढे चालली नाही, २०१८ मध्ये बंदच पडली. त्याला कारणे पुष्कळ सांगतात, त्यातले एक आम्हाला खरे वाटते : स्वस्तातली गाडी म्हणून ज्यांना घेता आली असती त्यांनाही ती घ्यायची लाज वाटू लागली. असो.

संध्याकाळी घरी आलो तर आईने विचारले, "टेसला म्हंजे काय रे?" आमच्या लेकीने, ती बारावी सायन्सला आहे, आजीला नीट समजावले. निकोला टेस्ला नावाचा एक शास्त्रज्ञ होता, १८५६ साली सर्बियन घरात जन्मला, अमेरिकेत गेला, आणि आज आपल्या घरात जी उलटसुलट वाहणारी वीज येते ती लांबवर नेण्याच्या कामात त्याचा मोठा वाटा. पण पैसा त्याला राखता आला नाही. न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खोलीत १९४३ च्या जानेवारीत एकटाच वारला. आई म्हणाली, "बघ, ज्याच्या नावाची गाडी, त्याच्याकडं हॉटेलचं भाडं नव्हतं."

१९४३ म्हटल्यावर आम्हाला दुसरेच आठवले, आणि ते या पानाच्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्याच वर्षी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते आणि देशाच्या वीजधोरणाचे काम त्यांच्याच खात्याकडे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये दिल्लीत विजेच्या धोरण समितीपुढे अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी मुद्दा मांडला तो असा की वीज मुबलक हवी आणि स्वस्त हवी, कारण तिच्याशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगांशिवाय या देशातल्या माणसाचे दारिद्र्य हटणार नाही. आम्ही हे लेकीला सांगायला लागलो तर ती म्हणाली, "पप्पा, गाडी बघायला जाऊया का?"

आम्ही म्हटले, "बघून काय करायचं? दहा वर्षं पाच महिने!"

यावर पोरीने जे उत्तर दिले ते आम्हाला लागले. ती म्हणाली, "तुम्ही कायम हिशेबच का करता? आवडली तर आवडली म्हणायचं. घ्यायचीच असं कुठंय? ताजमहाल बघायला गेलो तेव्हा त्याची किंमत काढली होती का?"

सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "काढली होती." आणि ते खरे होते.

तर ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्ही निघालो. आम्ही, लेक, आणि आमच्या चाळीसमोर पत्र्याचे गॅरेज चालवतात ते मामा. मामा म्हणजे आमचे नात्याचे कुणी नव्हेत, चाळीतली पोरे मामा म्हणतात म्हणून आम्हीही म्हणतो. दुचाकी, रिक्षा, एखादी जुनी ओम्नी अशी त्यांची गिऱ्हाइके. रविवारी त्यांचा धंदा खरा असतो, पण त्या दिवशी त्यांनी शटर ओढले, हात रॉकेलने धुतले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि म्हणाले, "जयभीम भाऊ. मला त्या गाडीला खालून बघायचंय."

कुर्ला स्टेशनवरून बस पकडली. बस एसीची आणि, गंमत बघा, विजेवरचीच! आमच्या वस्तीतल्या माणसाला विजेची गाडी नवी नाही. रोज बारा रुपयांत बसतो आम्ही तिच्यात. ९ मे २०२५ पर्यंत सहा रुपयांत बसत होतो. त्या दिवशी बेस्टने भाडे दुप्पट केले, साध्या बसचे पाचाचे दहा आणि एसीचे सहाचे बारा. आणि बस किती वेळाने येते ते विचारू नका.

बस एस. जी. बर्वे मार्गाच्या बाजूने जाऊ लागली तसे मामा गप्प झाले. डिसेंबर २०२४ मध्ये याच रस्त्यावर बेस्टची विजेवरची बस गर्दीत घुसली होती आणि घरी निघालेली माणसे जिवानिशी गेली होती. क्लच नाही, गिअर नाही, पाय ठेवला की बस उसळते, अशी ही नवी बस ज्या चालकाच्या हाती दिली त्याला किती दिवस शिकवले होते, हा प्रश्न तेव्हा साऱ्या मुंबईने विचारला. मामा एवढेच म्हणाले, "गाडी बदलली की हात बदलायला वेळ लागतो भाऊ. वीस वर्षांची सवय पायात असते."

मेकर मॅक्सिटीच्या दारात पोचलो तेव्हा आमचे पाय जरा अडखळले, खोटे कशाला सांगू. चपला पावसाने भरलेल्या. दारावरच्या सुरक्षारक्षकाने आमच्याकडे पाहिले आणि मराठीतच म्हणाला, "जा की काका, बघायला पैसे पडत नाहीत." बोलण्यावरून मराठवाड्याकडचा वाटला. लेकीने आमच्याकडे असे पाहिले की बघा, उगाच घाबरत होता.

आत गेलो. पांढरे दिवे, गुळगुळीत फरशी, आणि मध्यभागी ती. गाडी सुंदर आहे हो! यात हिशेब नाही काही. छप्पर सगळे काचेचे. आत बटणे जवळजवळ नाहीतच, समोर पंधरा इंचांहून मोठा एक पडदा, त्याच्यावर बोट फिरवायचे. मागे बसणाऱ्यांसाठी वेगळा छोटा पडदा. एकदा चार्ज केली की पाचशे किलोमीटर जाते असे कंपनी सांगते, लांब पल्ल्याची ६२२ जाते. आमची लेक आत बसली, हात स्टिअरिंगवर ठेवला, आणि आम्ही तिचा फोटो काढला. तिच्या चेहऱ्यावर जे होते त्याला आम्ही इतके दिवस हाव समजत आलो होतो. ती हाव नव्हती. गणिताचा पेपर सोपा गेल्यावर तिचा चेहरा असाच होतो.

गाडीभोवती आमच्यासारखीच माणसे जास्त होती. कॉलेजची पोरे, नातवंडांना घेऊन आलेले आजी-आजोबा, रविवारी फिरायला निघालेली जोडपी. सगळे फोटो काढत होते. घेणारा कोण ते ओळखू आले नाही, बहुधा घेणारा येतच नसावा, घरबसल्या मोबाइलवरून पैसे भरत असावा. सप्टेंबरच्या सुरुवातीला पेपरात आले की जुलैच्या मध्यापासून सुमारे सहाशेच गाड्या नोंदल्या गेल्या. म्हणजे बोलणारे कोट्यवधी आणि घेणारे सहाशे.

तिथला पोरगा फार शांतपणे सगळ्यांना माहिती देत होता. मामांनी त्याला बोनेट उघडायला सांगितले. उघडले, तर आत इंजिनच नाही! सामान ठेवायला रिकामा खड्डा. मामा वाकून बघत राहिले. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली.

"ऑइल किती किलोमीटरला बदलायचं?"

"इंजिन ऑइल नाहीच काका."

"प्लग?"

"नाही."

"क्लचप्लेट?"

"नाही."

"सायलेन्सर?"

पोरगा हसला. "धूरच नाही तर सायलेन्सर कशाला?"

"ब्रेक लायनर तरी झिजत असेल की."

"झिजतं, पण फार हळू. पाय काढला की मोटरच गाडीला रोखते आणि तीच शक्ती बॅटरीत परत भरते."

"मग बिघडतं काय हिच्यात?"

"टायर झिजतात काका, गाडी वजनदार आहे ना. वायपर, एसी, सस्पेन्शन हे नेहमीचं. बाकी सॉफ्टवेअर. ते इंटरनेटवरून रात्रीत आपोआप दुरुस्त होतं."

मामा म्हणाले, "म्हणजे पान्याचं काम नाही." आणि मग त्यांनी गाडीला खालून बघायचे काही नाव काढले नाही.

परतताना टपरीवर चहा घेतला. लेक फोटो मैत्रिणींना पाठवण्यात गुंग. मामा बराच वेळ ग्लास हातात धरून बसले आणि मग बोलू लागले. "भाऊ, मी सातवी नापास. तेराव्या वर्षी गॅरेजात लागलो. उस्तादानं पहिले सहा महिने पान्याला हात लावू दिला नाही, नुसते पार्ट धुवायला लावले रॉकेलमध्ये. धुता धुता कळत गेलं कुठला पार्ट कुठं बसतो. आवाजावरून सांगायचो, टॅपेट वाजतंय की बेअरिंग गेलंय. आता ह्या गाडीला आवाजच नाही. कानाचं काय करू?"

आम्ही धीर द्यायला म्हणालो की ही साठ लाखांची गाडी आपल्या गॅरेजला थोडीच येणार आहे. त्यावर मामांनी आम्हाला वेड्यात काढले. "ही नाही येणार. पण हिची धाकटी भावंडं आलीत ना! सामान पोचवणारी आपल्या वस्तीतली पोरं बघा. आधी सगळी पेट्रोलच्या गाडीवर होती. महिन्याला ऑइल, दोन महिन्याला केबल, क्लच, चेन. आता निम्मी भाड्याच्या बॅटरी स्कूटरवर आहेत. माझ्याकडं येतात ती हवा भरायला आणि पंक्चर काढायला. वरचं काही बिघडलं की कंपनीला फोन लावतात, टेम्पो येतो आणि उचलून नेतो. एकदा मी उघडून बघितली, तर पोरगं ओरडलं, मामा हात नका लावू, वॉरंटी जाईल!"

नळावर, हापिसात, टी.व्ही.वर एवढी माणसे त्या गाडीवर बोलली. महाग आहे, सुंदर आहे, खड्ड्यात जाईल, देशाची शान आहे. हे मामांचे बोलणे मात्र आम्ही कुठेच ऐकले नव्हते. आणि आमच्याही डोक्यात आले नव्हते, हे कबूल करतो. आम्ही पगारावरच अडकलो होतो.

आता थोडा हिशेब करू द्या, लेक रागावली तरी. मार्च २०२५ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना सहा टक्के वाहनकर लावायचे ठरले होते. पेट्रोलच्या गाडीला हाच कर अकरा ते तेरा टक्के पडतो, विजेच्या गाडीला शून्य. त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की हा कर लावणार नाही, कारण उत्पन्न फारसे मिळणार नाही आणि विजेच्या गाड्यांना चालना द्यायचे धोरण ढिले पडेल. म्हणणे अगदीच वाऱ्यावरचे नाही. पण साठ लाखांच्या गाडीवर सहा टक्के म्हणजे ढोबळ मानाने तीन लाख साठ हजार. बेस्टच्या साध्या बसमधल्या माणसाने पाच रुपये जास्त दिले, अशा बहात्तर हजार तिकिटांची ही रक्कम. बेस्ट महापालिकेची आणि वाहनकर राज्याचा, दोन्ही तिजोऱ्या वेगळ्या, हे आम्हाला कळते. खिसा मात्र आमचा एकच आहे.

हापिसातल्या मित्राला हे दाखवले तर तो म्हणाला, ज्याने परदेशी गाडी घेतली त्याने आयातकरापोटी आधीच ढीगभर पैसे सरकारला दिलेत, त्याला आणखी किती पिळणार? हेही खरे. म्हणून आम्ही म्हणतो की टेस्लावाल्याला सोडा, इथेच बनणाऱ्या तीस-चाळीस लाखांच्या गाड्यांचे बघा. त्यांना आयातकर नाही, वाहनकर नाही, जीएसटी पाच टक्के. आणि वस्तीतल्या पोराने साधी पेट्रोलची दुचाकी घेतली तर जीएसटी अठरा टक्के, तोही सप्टेंबर २०२५ मध्ये कमी झाला म्हणून, त्याआधी अठ्ठावीस होता.

आणखी टोलचे ऐका. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर विजेच्या मोटारींना आणि बसेसना टोल माफ झाला. मोटारीला एका खेपेचे अडीचशे रुपये. छान! पण वस्तीतल्या पोराची बॅटरी स्कूटर? तिला टोल माफ नाही आणि लागूही नाही, कारण अटल सेतूवर दुचाकीला चढूच देत नाहीत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही नाही. तो वाशीच्या खाडीपुलावरून जातो, ट्रकांच्या मधून.

आता कुणी म्हणेल, हा माणूस विजेच्या गाड्यांच्या विरोधातच आहे. मुळीच नाही. आमची चाळ हमरस्त्याला लागून आहे, आईचा दमा त्या रस्त्याने दिला आहे. खिडकीखालून जाणारे प्रत्येक वाहन उद्या विजेचे झाले तर आम्ही पहिला हार घालू, मग ते साठ लाखांचे असो की साठ हजारांचे. धूर अगदीच नाहीसा होत नाही, थोडा लांब जातो. आपल्या राज्यातली बरीचशी वीज अजून कोळशावर होते, चंद्रपूरच्या एकट्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे आणि तिथेही खिडक्यांच्या आत माणसे राहतात. पण तरीही आमच्या गल्लीतला धूर गेला तर आम्हाला हवा आहे. फक्त एका गाडीत एकच माणूस बसतो आणि एका बसमध्ये पन्नास, एवढे ध्यानात ठेवून आधी बस वाढवा, असे आमचे साधे म्हणणे आहे.

५ सप्टेंबर २०२५ रोजी त्या दुकानातून पहिली गाडी बाहेर पडली ती राज्याचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांची. विजेच्या वाहनांबद्दल जागृती व्हावी म्हणून घेतली आणि नातवाला भेट देणार, असे त्यांनी सांगितले. पूर्ण पैसे मोजून घेतली, त्यात कुणाला बोलायचे कारण नाही. टी.व्ही.वर ते दृश्य बघून आई म्हणाली, "नातवावर जीव सगळ्यांचाच असतो." आणि कनवटीचे वीस रुपये काढून लेकीच्या हातावर ठेवले, "जा, तुला पण बसला होतील."

त्याच रात्री मामा आले. ओट्यावर बसले, इकडचे तिकडचे बोलले आणि मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. कुणीतरी त्यांना लिहून दिले होते : आय.टी.आय., मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल, दोन वर्षे, दहावी पास. "हे खरं आहे का भाऊ?" आम्ही म्हटले, खरे आहे, असा ट्रेड आहे, सगळ्या आय.टी.आय.मध्ये नाही पण आहे. त्यांचा थोरला दहावी झाल्यावर वर्षभर पार्सले पोचवतो आहे. तो तयार नव्हता. "शिकून परत गॅरेजातच बसायचं का?" असे म्हणत होता. मामांनी त्याला काय सांगितले ते आम्हाला ठाऊक नाही. आम्हाला एवढेच म्हणाले, "चारशे व्होल्ट असतात म्हणे त्या बॅटरीत. मी आता नाही शिकू शकत, हात थरथरतो. पण तो शिकला तर मी त्याचे पार्ट धुईन."

पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची तयारी आत्तापासून करायची ठरली. मार्कशीट होती, शाळा सोडल्याचा दाखला होता. जातीचा दाखला विचारला तर मामा खाली बघू लागले. स्वतःचाच कधी काढलेला नाही, गॅरेजला कोण विचारतो! आता १९५० च्या आधीचा गावचा पुरावा हवा. मामांचे वडील स्वातंत्र्याच्या सुमाराला दोन यत्ता शाळेत गेले होते एवढे त्यांना ऐकून माहीत. आम्ही अर्ज लिहून दिला आणि शुक्रवारच्या रात्रपाळीच्या एस.टी.ने मामा जालन्याकडे गावी गेले. तिकीट जानेवारी २०२५ मध्येच पंधरा टक्क्यांच्या आसपास वाढलेले. पोराला गॅरेजवर बसवून गेले.

सोमवारी दुपारी हापिसात फोन आला. शाळेचे जुने रजिस्टर कपाटाच्या खालच्या फळीत होते, अर्धे उंदरांनी खाल्लेले. पण वडिलांचे पान शाबूत निघाले.